दगड पाण्यावर तरंगतो का?

मी एका वैद्यकीय अभ्यासात आहे हे मला समजलं, तेव्हा त्यात माझं नाव पडून बरेच दिवस लोटले होते. सही मुलाची होती. मी त्या वेळी व्हेंटिलेटरवर, गुंगीच्या औषधाखाली. न्यूमोनियाचं निमित्त झालं, संसर्ग रक्तात पसरला, बीपी लागेना, किडन्यांनी हात टेकले. सांगली-मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून पार बेळगाव-विजापूरकडचे पेशंट इकडे येतात. आयसीयूबाहेरच्या बाकांवर मराठीच्या जोडीनं कानडीही कानावर पडतं. त्याच बाकांवर माझ्या घरच्यांनी मुक्काम ठोकला होता.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. उभा जन्म आकड्यांत गेला, त्यामुळं पुढं आकडे जरा जास्त येतील, तेवढं सांभाळून घ्या.

मुलानं नंतर सांगितलं ते असं. हातात फाईल घेतलेली एक मुलगी बाकाजवळ आली आणि म्हणाली, मी इथल्या एका अभ्यासाची समन्वयक आहे, काकांना त्यात घेण्याबद्दल बोलायचंय. माझा मेहुणा लगेच उसळला. "प्रयोग करायला आमचाच माणूस गावला का तुम्हाला?" ती शांतपणे म्हणाली, यात नवं औषध नाही, जादा सुई नाही, उपचारात कसलाही बदल नाही. आयसीयूतून वाचलेल्या माणसाचं पुढं काय होतं, कोणती गुंतागुंत होते, किती दिवसांत तो पूर्वीसारखा होतो, याची फक्त नोंद ठेवायची आहे. दवाखान्यात रोज थोडी तपासणी, आणि घरी गेल्यावर वर्षभर पाठपुरावा. माहितीपत्रक मराठीत होतं. केव्हाही बाहेर पडता येईल, बाहेर पडलात म्हणून उपचारात फरक पडणार नाही, यातून पेशंटचा थेट फायदा होईल असं नाही, हे सगळं त्यात छापलं होतं. शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे अभ्यासात पेशंटवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर. "वाचा, घरात बोला, उद्या सांगा," ती म्हणाली. मुलगा तिला म्हणाला, "उद्या आप्पा असतील का ते आधी सांगा." "ते डॉक्टर सांगतील," ती म्हणाली. "माझं काम त्याच्या पुढचं आहे."

मुलाला ते बोलणं तेव्हा झोंबलं होतं. पण त्याच रात्री त्यानं पत्रकावरचा नोंदणी क्रमांक मोबाईलवर शोधला. देशात चाललेल्या वैद्यकीय चाचण्यांची सीटीआरआय नावाची एक सरकारी नोंदवही आहे. ती २००७ पासून सुरू आहे आणि कुणालाही फुकट बघता येते. त्यात अभ्यास सापडला, माहिती पत्रकाशी जुळली, आणि सकाळी त्यानं पानोपान सही केली. नवीन औषधाच्या चाचण्यांना २०१९ चे कडक नियम आहेत हे त्याला तेव्हाच कळलं. नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासालाही आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि त्या कमिटीत डॉक्टरांच्या बरोबरीनं एक कायदा जाणणारा आणि एक सामान्य माणूसही बसवावा लागतो. मेहुण्याचं समाधान काही झालं नाही. त्याचं कशानंच होत नाही.

आता माझी बाजू. मला त्या दिवसांतला सांगलीचा दवाखाना आठवत नाही, पूर आठवतो. सांगलीकराला भ्रम व्हायचा तर दुसरा कसला होणार? २०१९ साली कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आमच्या गल्लीत बोट आली होती. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आकडे इथल्या पोराटोरांना पाठ आहेत. ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे कानाशी गुडगुडत, आणि मला वाटे पाणी कॉटखाली आलं. समोर मॉनिटर होता. त्यावर ऑक्सिजनचा आकडा दिसायचा, ९१, ९२. माझ्या लेखी ते फूट होते. ९२ फूट म्हणजे गणपती मंदिर पाण्याखाली! मी नळीतून, हातवारे करून, नंतर नळी निघाल्यावर ओरडून विचारत असे, किती फूट झालं? सिस्टर बिचारी मॉनिटरकडं बघून आनंदानं म्हणायची, "सत्त्याण्णव झालं काका, छान वाढतंय." मी कॉटवरून उतरून पळायला बघायचो. मग हात बांधून ठेवले. बँडेजच्या पट्टीचे ते वळ माझ्या मनगटावर बरेच दिवस होते. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही. नळ्या उपसल्या असत्या तर जीव गेला असता हे पटतं, तरी राग आहे.

आमच्याकडं जुनी माणसं याला वात होणं म्हणतात. डॉक्टर डिलिरियम म्हणतात. पलीकडच्या कॉटवर जत तालुक्यातला एक शेतकरी होता, माझ्याहून तरुण. तो दिवसभर गप्प पडून असायचा. वॉर्डातले मामा लोक, म्हणजे वॉर्डबॉय, मला त्याचं उदाहरण द्यायचे, ते बघा किती शहाण्यासारखे झोपलेत. पुढं अभ्यासवाल्या मुलीनंच मला समजावलं की डिलिरियमचा गप्प प्रकारही असतो, तो जास्त वेळा होतो आणि हमखास नजरेतून सुटतो, कारण गप्प माणसाची तक्रार कोण करणार! कुणाविषयी बोलतेय हे तिनं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

ती रोज यायची. माझा हात हातात घेऊन म्हणायची, मी एकेक इंग्रजी अक्षर म्हणते, ए ऐकलं की हात दाबा. एस, ए, व्ही, ई, ए, एच, ए, ए, आर, टी. सगळी मिळून दहा अक्षरं. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या की लक्ष ठिकाणावर नाही असं धरायचं. मला आठवतं, मी दरेक अक्षराला दाबत होतो, जास्त दाबलं तर लवकर सोडतील म्हणून. मग चार प्रश्न, हो किंवा नाही. समुद्रात मासे असतात का? एक किलो दोन किलोपेक्षा जड असतो का? हातोडीनं खिळा ठोकता येतो का? आणि दगड पाण्यावर तरंगतो का?

नळी निघाल्यानंतरच्या एका सकाळी मी या शेवटच्या प्रश्नाला म्हणालो, "रामाचं नाव लिहिलं तर तरंगतो." तिनं वर बघितलं, हसली, आणि म्हणाली, "आणि नाही लिहिलं तर?" "तर बुडतो." त्या दिवशी फॉर्मवर पहिल्यांदा भ्रम नाही अशी खूण झाली म्हणे. माझ्या बायकोला मात्र रामाचं ऐकून वाटलं की अजून ठिकाणावर नाहीत.

शुद्ध आल्यावर तिनं फाईल पुन्हा पहिल्या पानापासून उघडली. मुलानं सही केली ती तुम्ही बोलू शकत नव्हता म्हणून. आता तुम्ही बोलताय, तेव्हा आत राहायचं की बाहेर पडायचं ते तुम्ही ठरवा. सगळं वाचून दाखवलं आणि मग म्हणाली, आता मला तुम्ही सांगा, हा अभ्यास कशाचा आहे? पाठ केलेलं नको, तुमच्या शब्दांत. इतक्या वर्षांत बँकेनं, विम्यानं, कुणीही माझ्याकडून सही घेताना हे विचारलेलं नाही. मी सांगितलं. तिनं पेन दिलं, आणि ते माझ्या बोटांत उभंच राहिना. अंगठा चालेल, मग एक त्रयस्थ साक्षीदार लागेल, ती म्हणाली. दिवाणजीनं अंगठा उठवायचा! मी नाही म्हणालो. "मग थांबू या काका," म्हणाली, "सही करता येईल तेव्हा करा, तोवर मी काही नोंदवत नाही." खरोखरच थांबली. वॉर्डात आल्यावर मी जी सही केली ती बँकेनं परत पाठवली असती, पण ती माझी होती.

ताकद मोजायची रीत मला आवडली. खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा, घोटा. दोन्ही बाजू धरून बारा ठिकाणं. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. हालचालच नाही तर शून्य, फिजिओथेरपिस्टनं जोर लावूनही हात खाली गेला नाही तर पाच. बेरीज साठ. ४८ च्या खाली गेलात तर आयसीयूतली अशक्तता. माझे ४० आले. मी म्हटलं, साठपैकी चाळीस म्हणजे पहिला वर्ग. फिजिओथेरपिस्ट म्हणाला, काका, उठून बसून दाखवा. बसता आलं नाही. लंडनमध्ये २०१३ साली अशा पेशंटांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीनं काही दिवसांच्या अंतरानं मोजला होता, त्यानं सांगितलं. दहा दिवसांत सुमारे १८ टक्के कमी झालेला आढळला. नुसतं पडून राहिल्यानं नव्हे, आजारच स्नायू खातो.

मग लवकर उठवून चालवलं का नाही, हा मुलाचा प्रश्न. हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं खोटं नव्हतं. २००९ मध्ये अमेरिकेत १०४ पेशंटांवर अभ्यास झाला. व्हेंटिलेटरवर असतानाच रोज गुंगी थांबवून ज्यांच्याकडून व्यायाम करून घेतला, त्यांतले ५९ टक्के घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकत होते. दुसऱ्या गटात ३५ टक्केच. झालं तर मग, असं कुणालाही वाटेल. पण २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पुढाकारानं ७५० पेशंटांवर मोठी चाचणी झाली. नेहमीच्या पद्धतीपेक्षा आणखी लवकर, आणखी जोरात उठवण्यानं सहा महिन्यांत काही जादा फायदा दिसला नाही. उलट हृदयाचे ठोके बिघडणं, ऑक्सिजन उतरणं असले प्रकार जास्त झाले. हे ऐकून मुलगा वैतागला, मग नक्की खरं काय? मला काही नवल वाटलं नाही. बाजारात एका दिवसाच्या भावावर कोण हंगाम बांधतो? नोंदी साठत जाव्या लागतात.

डिस्चार्ज कार्डावर 'प्रकृतीत सुधारणा' लिहून आम्ही घरी आलो. पाहुणे नारळ घेऊन आले, देवाच्या दारातून परत आलात म्हणाले. मी हो हो म्हणत होतो आणि संडासातून उठायला मुलाला हाक मारत होतो.

खरी ओळख पटली ती तीन महिन्यांच्या तपासणीत. तिथं शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. त्र्याण्णव. शहाऐंशी. आणि पुढं भिंत. मी हळदीची पट्टी तोंडी करणारा माणूस. पोत्यांचं वजन गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई, शेतकऱ्याच्या हातात रक्कम, तीही समोरचा तंबाखू मळेपर्यंत. जानेवारीत सौदे सुरू झाले होते आणि मी दुकानात जाऊन कॅल्क्युलेटर दोनदा दाबूनही खात्री नसलेला बसलो होतो. शेठ काही बोलले नाहीत, एक पोरगा शेजारी बसवला. मला वाटलं होतं वय झालं, किंवा औषधांची गुंगी. त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की २०१३ मध्ये अमेरिकेत ८२१ पेशंटांवर अभ्यास झाला. त्यांतल्या ७४ टक्क्यांना दवाखान्यात डिलिरियम झाला होता. पुढं तीन महिन्यांनी जे तपासले, त्यांतल्या ४० टक्क्यांची बुद्धीची चाचणी डोक्याला मध्यम मार लागलेल्यांच्या पातळीवर होती. त्यात तरुणही होते. डिलिरियम जितका लांबला, तितका पुढचा परिणाम वाईट. सुनेनं घरी येऊन तो अभ्यास शोधला, तर पहिलंच नाव पंढरीपांडे! आपल्या माणसानंच हे मोजलंय म्हटल्यावर मेहुण्याचाही थोडा विश्वास बसला.

या सगळ्याला एक नावही आहे, पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम. शरीर, बुद्धी आणि मन, तिन्ही त्यात येतात. हे नाव २०१० च्या एका बैठकीत ठरलं. आयसीयू जगात १९५३ पासून आहेत, कोपनहेगनला पोलिओची साथ आली त्यातून ते सुरू झाले. म्हणजे मागं राहणाऱ्या दुखण्याला नाव मिळायला पन्नासावर वर्षं गेली. माणूस जगला की खातं बंद, अशीच समजूत होती सगळ्यांची.

चालण्याची चाचणी तीस मीटरच्या बोळात. दोन टोकांना दोन लाल कोन, सहा मिनिटं, जमेल तेवढं चाला. बरोबरची मुलगी एरवी बोलकी, पण त्या सहा मिनिटांत ठरलेलंच वाक्य ठरलेल्या मिनिटाला, एकाच सुरात: "छान चाललंय, अजून चार मिनिटं आहेत." मी गप्पा मारायला गेलो तर नुसती मान हलवली. नंतर म्हणाली, एकाला शाबासकी जास्त, एकाला कमी असं झालं तर आकडे कसे ताडून बघायचे? बरोबर आहे. मापात पाप नको.

सहा महिन्यांचा फोन बायकोला होता. नातेवाइकांचीही नोंद घेतात हे मला ठाऊक नव्हतं. ती भाजी निवडत होती म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि मी आतल्या खोलीत ऐकत होतो. झोप लागते का? "लागते की." मध्ये जाग येते का? थोडा वेळ काही नाही, मग म्हणाली, "दोन-तीनदा उठते. यांच्या नाकापाशी हात धरून बघते." कधीपासून? "आणल्यापासून." मला यातलं काही माहीत नव्हतं. एका खोलीत झोपतो आम्ही. त्या मुलीनं तिला मानसोपचार विभागाची वेळ घेऊन दिली. बायको आधी नको म्हणाली, मग एकदा गेली, नंतर आपणहून जायला लागली. अभ्यासातून फायदा होईलच असं नाही, असं पत्रकात लिहिलं होतं. आमच्या घरात तो झाला, पण ज्याच्या नावानं फाईल होती त्याला नव्हे.

एक गोष्ट मला अजून खटकते. जतच्या त्या माणसाचं काय झालं, म्हणून मी तपासणीच्या वेळी विचारलं. "दुसऱ्यांचं सांगता येत नाही काका." ठीक. पण उन्हाळ्यात तोच माणूस यार्डात भेटला, भावाबरोबर बेदाणा घेऊन आला होता. तपासणीला गेला नव्हता. जाण्यायेण्याचे पैसे मिळतात हे त्याला माहीत होतं. बुडणाऱ्या दिवसाचे आणि सोबत येणाऱ्या माणसाच्या रोजाचे मिळत नाहीत. फोन आलता, म्हणाला, बायकूनं सांगितलं बरं हाय म्हणून. बरा होता का? बॉक्स भाऊच उतरवत होता. हा बाजूला उभा राहून मोजत होता, आणि मध्येच विसरून पुन्हा पहिल्यापासून मोजत होता.

पुढच्या खेपेला मी त्या मुलीला विचारलं, जे येत नाहीत त्यांचं तुमच्या आकड्यांत काय होतं? तिनं टाळलं नाही. म्हणाली, हीच अशा अभ्यासांची दुखरी नस आहे. जे येतात ते त्यातल्या त्यात बरे, ज्यांच्या घरी माणूस आहे, गाडी आहे असे. न येणाऱ्यांत वारलेले असतात, फार वाईट असलेले असतात, आणि अगदी ठणठणीत असलेलेही असतात. ते कोण कोणते हे न कळता सरासरी काढली तर ती फसवी निघते. म्हणून किती जण सुटले ते लिहावंच लागतं, आणि काहींच्या घरी जावं लागतं. मी म्हटलं, जतला कधी जाताय? हसली, आणि काही सांगितलं नाही. सांगायला नकोच होतं.

वर्षाची तपासणी परवा झाली. मुठीची ताकद जवळजवळ पूर्वीसारखी. चालणं वाढलंय, तरी आयर्विन पुलाच्या अर्ध्यात एकदा थांबतो. शंभरातून सात थेट पासष्टापर्यंत बिनचूक. शेवटी मी तिला म्हणालो, तुमच्या फॉर्मवर एक प्रश्न नाही. माणूस आपल्या जुन्या कामावर जाऊन ते काम पूर्वीसारखं करतो का? कामावर जाता का एवढंच विचारता, हो म्हटलं की संपलं. ती म्हणाली, मध्येच प्रश्न घालता येत नाही, कमिटीकडं जावं लागतं. पण शेऱ्याचा रकाना आहे. त्यात तिनं लिहिलं आणि कागद माझ्याकडं फिरवला. 'पूर्णवेळ कामावर. हिशेब तोंडी जमत नाही, कॅल्क्युलेटर वापरतात.'

मी म्हटलं, गुणाकाराला कॅल्क्युलेटर. वजाबाकी तोंडी करतो, तेवढं दुरुस्त करा. तिनं खोडलं नाही की व्हाइटनर लावला नाही. चुकीच्या शब्दावर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी बरोबर मजकूर, त्यापुढं सही आणि तारीख. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? संशोधनाचा नियमच आहे म्हणाली. आमच्या खतावणीतही दुरुस्ती अशीच करतात. मी शेठना तेच सांगतो, पण नवा पोरगा अजून खोडरबर घेऊन बसतो.